कोकणात मान्सून लागला म्हणजे आपल्या वावरात पेरणीचा पाऊस किती दिवसांनी?

वावर_दारव्हा (प्रश्न)

राम राम मंडळी. प्रश्न दरवर्षीचाच हाय, पण यंदा मुळापासून समजून घ्यायचा हाय.

जून लागला की टीव्हीवर रत्नागिरी, मालवण, मुंबई दिसते. रस्त्यावर गुडघाभर पाणी अन् खाली पट्टी : मान्सून महाराष्ट्रात दाखल. त्याच दिवशी विदर्भात आमच्या दारव्हा तालुक्यात (जि. यवतमाळ) पारा ४२ वर, अन् संध्याकाळी वादळ येऊन एखादी वळवाची सर. गावातले अर्धे लोक म्हणतात, कोकणात आला म्हणजे चार दिवसांत इकडं येतेच, तिफण काढा. पेरलं की पाऊस दडी मारते, पेरणी वाया जाऊन मोड होते, मग दुबार पेरणी अन् दुबार बियाण्याचा खर्च.

विचारायचं असं :
१. कोकणातल्या पावसाचा अन् आपल्या पावसाचा संबंध किती?
२. काहून एखाद्या वर्षी चार दिवसांत येते अन् एखाद्या वर्षी वीस दिवस लावते?
३. पेरणी नक्की किती पावसावर करायची? जमीन ६ एकर भारी काळी, ३ एकर बरड (हलकी, उथळ). सोयाबीन-तूर अन् पऱ्हाटी (कपाशी).
४. महसूल मंडळाचा पावसाचा आकडा अन् आपल्या शिवारातला पाऊस जुळत नाही. घरी मोजता येईल का?

---

पूर्वेचं_आभाळ

पहिल्या दोन प्रश्नांचं लिहितो, पेरणीचं इथले जाणकार सांगतील.

संबंध आहे, पण गावात समजतात तसा सरळ नाही. आधी सरासरी बघा. जून ते सप्टेंबर कोकण-गोव्यात २,९०० मिमीच्या आसपास पाऊस पडतो. घाट उतरून मध्य महाराष्ट्रात आलात की तो साडेसातशेच्या घरात येतो. त्याच्याही पुढे, समुद्रापासून अजून लांब असलेल्या विदर्भात मात्र तो पुन्हा चढून ९४० च्या आसपास जातो. विदर्भातल्या विदर्भातही बुलढाण्याकडून गडचिरोलीकडे जाल तसा पाऊस वाढत जातो, तिकडे वर्षाला १,३०० मिमीच्या वर. आपला पाऊस अरबी समुद्रातून कोकणमार्गे येत असता तर बुलढाणा ओलं आणि गडचिरोली कोरडं असायला पाहिजे होतं. आहे नेमकं उलटं.

नैर्ऋत्येकडून येणारं ओलं वारं सह्याद्रीला धडकतं, वर चढतं, थंड होतं आणि आपलं बहुतेक पाणी किनाऱ्यावर आणि घाटमाथ्यावर टाकतं. पलीकडे उतरताना तीच हवा तापते आणि कोरडी पडते. रत्नागिरीत धो धो आणि सोलापुरात ढगांची नुसती धावपळ, हे त्यामुळेच. आपल्यापर्यंत ते वारं पोहोचतं, ढगही आणतं, पण मोठ्या पावसाला लागणारी उचल त्याच्यात उरत नाही.

ती उचल बंगालच्या उपसागरातून येते. ओडिशा-बंगालच्या किनाऱ्याजवळ कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं आणि वायव्येकडे सरकत छत्तीसगडवर येतं. किनारा ओलांडल्यापासून आपल्या डोक्यावर यायला त्याला साधारण दोन-तीन दिवस लागतात. एक बारकावा लक्षात ठेवा : अशा क्षेत्राचा सगळ्यात जोरदार पाऊस त्याच्या केंद्रावर नसतो, केंद्राच्या नैर्ऋत्येला असतो. म्हणून केंद्र रायपूर-जबलपूरच्या बाजूला आलं की गोंदिया, नागपूर, वर्धा, यवतमाळला झड लागते. तेच जर झारखंडवरून उत्तर प्रदेशाकडे वळलं तर आपल्या वाट्याला फक्त आभाळ.

दुसरी गोष्ट मान्सूनचा आस. राजस्थानातल्या गंगानगरपासून बंगालच्या उपसागरापर्यंत कमी दाबाचा लांब पट्टा असतो, त्याला आस म्हणतात. तो त्याच्या जागी किंवा थोडा दक्षिणेला असेल तर मध्य भारतात पाऊस. तो सरकून हिमालयाच्या पायथ्याशी गेला की आपल्याकडे उघाड, जुलै-ऑगस्टमध्ये पडणारा पावसाचा खंड तो हाच. तेव्हा बातमीत बिहार, आसामचे पूर दिसतात. ते दिसले की आपल्याकडे डवरणीची (कोळपणीची) घाई करायची, ओल जपायला.

आता चार दिवस की वीस दिवस. कोकणात पोहोचलेल्या मान्सूनला पुढे ढकलायला पूर्वेकडे काहीतरी हलावं लागतं. ते हललं तर चार-सहा दिवस, नाही हललं तर मान्सून कुठवर आला ते दाखवणारी रेषा जागीच. दोन ताजी उदाहरणं घ्या.

२०२३ : केरळात ८ जूनला, रत्नागिरीत ११ जूनला. तेव्हा अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ होतं, त्यानं वारं आणि बाष्प स्वतःकडे ओढून घेतलं. ते १५ जूनला गुजरातेत जखाऊजवळ जमिनीवर आलं, तरी मान्सूनची रेषा रत्नागिरीवरून हलायला २३ जून उजाडला. नंतर मात्र असा धावला की २५ जूनला मुंबई आणि दिल्ली एकाच दिवशी.

२०२५ : केरळात २४ मे, मुंबईत २६ मे. १९५० पासूनच्या नोंदीत मुंबईत इतक्या लवकर तो आलेला नाही. लोक हरखले. आणि मग मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत रेषा अहिल्यानगर-आदिलाबाद अशी ठाण मांडून बसली. आदिलाबाद तुमच्या जिल्ह्याला लागूनच आहे, म्हणजे दारापर्यंत येऊन घरात नाही.

तेव्हा "कोकणानंतर इतके दिवस" असा हिशोब बसत नाही. आपल्याकडे यायची सर्वसाधारण तारीख जूनचा मध्य. कोकणात तो कितीही लवकर येवो, हा मध्य डोक्यातून काढू नका.

उलट बाजूनंही एकदा बघा. सप्टेंबर २०२१ मध्ये गुलाब चक्रीवादळ २६ तारखेला आंध्रात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर चढलं. दोन दिवसांत त्याचा उरलेला भाग तेलंगण, विदर्भ, मराठवाडा असा गेला. काढणीला आलेलं सोयाबीन शेंगेतच कोंबलं. पुढे तो अरबी समुद्रात उतरला आणि त्याचं शाहीन नावाचं नवीन वादळ झालं. आपल्याला बुडवणारा किनारा पूर्वेचा आहे, आणि आपले लोक टीव्हीवर पश्चिमेचा बघत बसतात.

---

वावर_दारव्हा

लय भारी समजावलं भाऊ. बुलढाणा-गडचिरोलीवालं तर कधी डोक्यातच आलं नव्हतं. मग जूनमध्ये जे वादळवारं घेऊन येते, अर्ध्या घंट्यात नाला वाहते, ते काय असते?

---

पूर्वेचं_आभाळ

तो वळीव, मान्सूनपूर्व पाऊस. ओळख सोपी आहे. दुपारपर्यंत कडक ऊन, तीन-चारनंतर एका बाजूनं काळं आभाळ, आधी धुळीचा वारा, मग विजा आणि मोठे थेंब, तासाभरात मोकळं. पट्टा अरुंद असतो, धुऱ्याच्या अलीकडे चिखल अन् पलीकडे धूळ. मान्सूनचा पाऊस दिवसभर आभाळ धरून, रात्री-पहाटेही येतो, वारा नैर्ऋत्येचा-पश्चिमेचा टिकून राहतो आणि दिवसाचं तापमान एकदम ३१-३३ वर उतरतं. ४२ वरचं तापमान एका सरीनं ३६ झालं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ४१, तर तो मान्सून नव्हे.

---

खाडीकाठ_गुहागर

मी किनाऱ्यावरून लिहितोय. विदर्भातल्या दादांना आमच्या पावसाबद्दल दोन-तीन गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या, म्हणजे बातम्या बघताना चूक होणार नाही.

आमच्याकडे किनाऱ्याला समांतर, गुजरातपासून केरळपर्यंत, कमी दाबाचा एक पट्टा तयार होतो. तो जागेवर असेपर्यंत बंगालच्या उपसागरात काही असो नसो, आमच्याकडे रोज ८०-१०० मिमी पडू शकतो. म्हणजे कोकणातला मोठा पाऊस हा तुमच्या पावसाचा अग्रदूत असेलच असं नाही. पुष्कळदा त्या दोघांची एकमेकांशी ओळखही नसते.

दुसरं, टीव्हीवर चक्रीवादळ आणि मान्सून एकाच पट्टीत दाखवतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. ते वादळ होतं, मान्सून अजून यायचा होता. त्या पावसावर कुणी यवतमाळात पेरणीचा बेत केला असेल तर त्यात पावसाचा काय दोष.

तिसरं, रस्त्यावरचं पाणी. किनाऱ्यावरच्या गावात ते साचतं त्याला पावसाइतकीच भरती कारण असते. समुद्राला उधाण असताना नदीचं पाणी खाडीत उतरत नाही, उलट मागे ढकललं जातं. सव्वासहा तासांनी ओहोटी लागली की तेवढाच पाऊस चालू असूनही पाणी ओसरायला लागतं. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीनं गाव बुडवलं तेव्हा डोंगरातला रात्रभराचा पाऊस आणि भरती एकत्र आली होती. म्हणून कमरेएवढं पाणी बघून "पाऊस किती झाला" याचा अंदाज बांधू नका.

आणि जमीन. आमची जांभ्याची, उताराची. १०० मिमी पडला तरी दुसऱ्या दिवशी बांधावरून चपला घालून जाता येतं, आणि भाताला पाणी उभं राहिलेलं चालतंच. तुमच्या काळ्या मातीत तेवढाच पाऊस म्हणजे तळं.

उन्हाचंही तसंच. हवामान खात्याच्या हिशोबात किनाऱ्यावर ३७ अंश गाठले की उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू होतो, तुमच्याकडे सपाटीला ४० लागतात. आमच्या ३७ ला हसू नका, त्या दमट हवेत घाम वाळतच नाही.

---

काळी_कसदार

तिसऱ्या प्रश्नावर. कृषी विभाग आणि विद्यापीठ दोघंही सांगतात तो आकडा ७५ ते १०० मिमी. लोक तो ऐकतात, पण त्यातला "सलग" हा शब्द विसरतात. चार-पाच दिवसांत मिळून ७५-१०० मिमी हवा. महिनाभरात दहा-दहाच्या आठ सरी पडून झालेले ८० पेरणीच्या कामाचे नाहीत, त्यातले निम्मे ऊन घेऊन गेलं.

हा आकडा आला कुठून ते समजलं तर पाळायला सोपं जातं. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला हातभर खोल भेगा असतात. पहिला पाऊस भेगांत उतरतो, वरची माती भिजल्यासारखी दिसते पण मधला थर कोरडाच असतो. २५ मिमीनं जेमतेम चार-पाच बोटं ओल जाते. त्यावर सोयाबीन टाकलं तर दाणा पाणी पिऊन फुगतो, मोड काढतो, आणि खालून ओल न मिळाल्यानं तिथंच मरतो. कोरड्या मातीत पडून राहिलेलं बी पुढच्या पावसाला उगवतं, पण एकदा फुगून वाळलेलं बी पुन्हा उगवत नाही. पेरणीची मोड होण्याचं निम्मं कारण हेच आहे.

त्यामुळे आकड्यापेक्षा खड्डा बघा. वावरात चार ठिकाणी, एक उंचवट्यावर आणि एक सखलात धरून, कुदळीनं वीतभर खोल उकरा. तळाची माती मुठीत दाबा. लाडू बांधला गेला पाहिजे आणि तळहाताला चिखल लागला नाही पाहिजे. तो लाडू कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटून चार-सहा तुकडे झाले तर वाफसा (पेरणीजोगी ओल) आहे, पेरा. चपटा होऊन तसाच बसला तर अजून ओली आहे, एक-दोन दिवस थांबा. आणि मुठीतच भुगा झाला तर तिफण जागेवर ठेवा, आभाळ कितीही काळं असू द्या.

भारी आणि बरड जमिनीचा हिशोब वेगळा. भारी काळ्या मातीचा वरचा फूटभर थर पूर्ण भिजला की त्यात पिकाला घेता येईल असं साधारण ५०-६० मिमी पाणी साठतं. कोवळ्या पिकाच्या जमिनीतून दिवसाला ३-४ मिमी उडतं. म्हणजे पेरणीनंतर पाऊस गेला तरी पंधरा दिवस रेटता येतात. तुमच्या बरडात तेवढीच खोली नसते, २० मिमीच्या आसपास साठतं, पाच-सहा दिवसांत पान कोमेजायला लागतं. म्हणून ६ एकर भारी आधी पेरा, ३ एकर बरड मागे ठेवा आणि ती पेरायच्या आधी पुढच्या पाच दिवसांचा अंदाज बघाच. गावात उलटं करतात, कारण बरड लवकर वाफशावर येते आणि बैल किंवा ट्रॅक्टर तिथं आधी चालतो.

सोयाबीनची खोली ३ ते ४ सेंटिमीटर, ५ च्या पुढे नाही. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रानं भुसभुशीत जमिनीत नकळत ७-८ जातं. पहिल्याच तासाला (पेरणीच्या ओळीला) थांबून दोन फूट तास बोटानं उकरून बघा. पेरल्यावर लगेच जोराचा पाऊस आणि मग कडक ऊन पडलं तर वर पापडी धरते, कोंब खालीच मान मोडून बसतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पापडी दिसली तर हलका काट्याकुट्यांचा फेसाटा आडवा फिरवा, पण कोंब वर दिसायच्या आधी.

घरचं बी असेल तर उगवण तपासा : शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत, सहा-सात दिवस, गोणपाट ओलं राहील एवढं पाणी. सत्तरच्या वर उगवले तर एकरी ३० किलो. साठ उगवले तर ३० गुणिले ७० भागिले ६०, म्हणजे ३५ किलो. त्याखाली असेल तर बी बदला.

पऱ्हाटीची धूळपेरणी (पावसाआधी कोरड्यात पेरणी) काही लोक करतात, कपाशीत ती कधी साधते. सोयाबीनची धूळपेरणी करू नका, एवढंच म्हणतो. आणि पऱ्हाटीसुद्धा १ जूनच्या आधी नको. मे महिन्यात लावली की गुलाबी बोंडअळीच्या पहिल्या पिढीला वेळेवर फुलं मिळतात आणि पुढे सगळ्या शिवाराला त्रास.

उशीर झाला म्हणून घाबरायचं नाही. सोयाबीन १५ जुलैपर्यंत पेरता येतं. त्यानंतर मात्र तूर किंवा दुसऱ्या पिकाचा विचार करा, सोयाबीनच्या मागे धावू नका.

एक राहिलं. आपल्याकडे आता उघाड आणि झड दोन्ही टोकं एकाच हंगामात येतात. जुलै २०२३ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पेरणी उशिरा झाली आणि २२ जुलैला महागावकडे अशी अतिवृष्टी झाली की लोकांना काढायला वायुसेनेचं हेलिकॉप्टर आणावं लागलं. म्हणून पेरतानाच पाणी निघायची सोय करा. दर चार किंवा सहा तासांनंतर (ओळींनंतर) एक तास रिकामा सोडा आणि पहिल्या डवरणीच्या वेळी डवऱ्याला दोरी गुंडाळून तिथं सरी पाडा. कमी पावसात तिथं पाणी मुरतं, जास्त पावसात तिथूनच बाहेर जातं. सरीचं तोंड उताराकडे नाल्यात उघडं पाहिजे. ते बंद राहिलं तर सोयाबीन तीन दिवसांत पिवळं.

---

जुनं_खोड

एवढं सगळं मोजमाप काहून पायजे बाप्पा? मृग, आर्द्रा, पंचांगातलं नक्षत्राचं वाहन बघा अन् पेरा. बापजाद्यांनी तेच केलं.

---

काळी_कसदार

काका, राग नको, पण नक्षत्रं सूर्याच्या जागेवरून ठरतात. मृग दरवर्षी ७-८ जूनला लागतो, आर्द्रा २१-२२ जूनला, पुनर्वसू ५-६ जुलैला. पाऊस लवकर येवो की उशिरा, या तारखा हलत नाहीत. कामाचं वेळापत्रक म्हणून नक्षत्रं उत्तम आहेत. मृगाच्या आधी वखरणी आटपायची, आर्द्रा अर्ध्यात आल्या तरी पेरणी नसेल तर कमी दिवसांचं वाण शोधायला लागायचं. पण ती पाऊस येणार की नाही हे सांगत नाहीत, आणि वाहन तर मुळीच नाही. जुने लोक मृगात पेरायचे तेव्हाही आधी वावरात खड्डा उकरून बघायचेच, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

---

जुनं_खोड

खड्ड्याचं खरं हाय.

---

मोजपट्टी

चौथा प्रश्न माझ्या आवडीचा.

मंडळाचा आकडा जुळत नाही, कारण महसूल मंडळात स्वयंचलित केंद्र असतं एक आणि गावं असतात पंधरा-वीस. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला, त्याच दिवशी त्याच शहरात कुलाब्याला ७३ मिमी. सपाट किनाऱ्यावर, एका शहरात एवढा फरक पडतो, तर तुमच्या मंडळात वळवाच्या पावसाचं काय घेऊन बसलात. शिवाय यंत्र आहे. स्वयंचलित पर्जन्यमापकात एक छोटी दुहेरी कुपी असते, भरली की कलंडते आणि आकडा पुढे सरकतो. फार जोराच्या पावसात कलंडताना थोडं पाणी निसटतं, आकडा कमी येतो. नाळक्यात (नरसाळ्यात) धूळ, पक्ष्याची विष्ठा, कोळ्याचं जाळं अडकलं तर पाऊस पडूनही शून्य. तापमानाचंही तसंच, ३० मे २०२४ ला नागपुरात एका केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. नंतर संवेदक बिघडल्याचं निघालं.

घरचा पर्जन्यमापक करायला शंभर रुपयेसुद्धा लागत नाहीत. लागतं ते असं : प्लास्टिकचं नाळकं, दोन लिटरची थंड पेयाची बाटली, औषधाच्या दुकानातली १० मिलिलिटरची सिरिंज (सुई नको).

सगळा हिशोब नाळक्याच्या तोंडावर आहे. तोंडाचा आतला व्यास ११.३ सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर होतं, आणि मग १० मिलिलिटर पाणी म्हणजे बरोबर १ मिमी पाऊस. म्हणजे एक भरलेली सिरिंज एक मिमी. १६ सेंटिमीटरचं नाळकं मिळालं तर २०० चौरस सेंटिमीटर, २० मिलिलिटरला १ मिमी. बाजारात नेमक्या मापाचं मिळत नाही, तेव्हा मिळेल ते घ्या आणि व्यास मोजून असं काढा : त्रिज्या गुणिले त्रिज्या गुणिले ३.१४, आलेल्या आकड्याला १० नं भागा, तेवढे मिलिलिटर म्हणजे १ मिमी. बाटलीचं तोंड कितीही लहान-मोठं असो, त्यानं फरक पडत नाही. लोक बाटलीवरच पट्टी चिकटवून उंची मोजतात आणि वर रुंद नाळकं लावतात, तिथं आकडा दुप्पट-तिप्पट येतो. गावात "आमच्याकडे २०० मिमी झाला" म्हणतात त्यातले निम्मे याच चुकीचे.

नाळकं उथळ नको, थेंब आपटून बाहेर उडतात. मिळालं नाही तर तोंडाभोवती दोन इंच उंचीची उभी पट्टी चिकटवा, पण मग व्यास पट्टीच्या आतल्या बाजूचा धरायचा. बाटली जमिनीत निम्मी पुरा म्हणजे वाऱ्यानं आडवी होणार नाही. नाळक्याची कड जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच आणि आडवी समपातळीत. खालची माती उघडी असेल तर थेंब उसळून आत जातात, भोवती गवत राहू द्या किंवा गोटे टाका.

जागा सगळ्यात महत्त्वाची. घर, झाड, कुंपण यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर. २० फुटी कडुनिंब असेल तर ४० फूट लांब. घराच्या पत्र्याखाली किंवा अंगणातल्या तुळशीजवळ ठेवू नका.

रोज सकाळी ८:३० ला मोजा, पाऊस असो नसो. हवामान खात्याचा दिवस ८:३० ते ८:३० असतो, म्हणून आकडा त्यांच्याशी ताडता येतो. २१ जूनच्या सकाळी मोजलेला पाऊस २१ च्या नावावर लिहायचा, जरी तो २० च्या रात्री पडला असला तरी. मोजून झालं की बाटली रिकामी करून वर लावायची. काल मोजलं पण रिकामी केली नाही, ही दुसरी नेहमीची चूक. बाटलीत गोडेतेलाचे चार थेंब टाकले तर दुपारच्या उन्हात पाणी उडत नाही. सिरिंजमध्ये तेल येऊ लागलं तर तळातून ओढायचं.

वहीत तीन रकाने पुरतात : तारीख, मिमी, आणि कसा पाऊस (वळीव, झड, वारा कुठून). १ मिमी म्हणजे एकरी सुमारे ४,००० लिटर. हा आकडा एकदा डोक्यात बसला की ५ मिमीच्या सरीला पाऊस म्हणायचं की नाही, ओलिताची पाळी पुढे ढकलायची की नाही, ते आपसूक ठरतं.

---

पूर्वेचं_आभाळ

मोजपट्टी यांच्या वहीला जोड म्हणून अंदाजाची भाषा. बातमीत "विदर्भात तुरळक ठिकाणी पाऊस" म्हणतात, ते शब्द मोजून वापरलेले असतात. तुरळक ठिकाणी म्हणजे शंभरातल्या २५ पर्यंत केंद्रांवर. काही ठिकाणी म्हणजे २६ ते ५०. बऱ्याच ठिकाणी ५१ ते ७५. त्याच्या वर बहुतांश ठिकाणी. तुरळक असेल तर आपल्या वावरात न पडण्याचीच शक्यता जास्त, त्यावर पेरायचं नाही. "बऱ्याच ठिकाणी" सलग दोन-तीन दिवस दिसलं तर तयारीला लागा.

२४ तासांत ६४.५ मिमीपासून मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार, २०४.५ पासून अत्यंत मुसळधार. महसुली कागदावर मात्र मंडळात ६५ मिमी झाला की अतिवृष्टी. पंचनाम्याच्या वेळी लोक या दोन शब्दांत गोंधळतात. पिवळा इशारा लक्ष ठेवायला, नारंगी तयारीला, लाल हालचालीला. पिवळा म्हणजे पाऊस पक्का, असं नाही.

विदर्भाचा अंदाज नागपूरचं प्रादेशिक केंद्र रोज देतं. पहिले दोन-तीन दिवस भरवशाचे, पाचव्यापर्यंत दिशा कळते. पुढचा पंधरवडा कोरडा की ओला एवढंच दर गुरुवारी निघणाऱ्या विस्तारित अंदाजात बघायचं. "१८ तारखेला दुपारी पाऊस" असं कुणी दोन आठवडे आधी मोबाईलवर पाठवलं तर पुढे पाठवू नका. शेतीचा जिल्हावार सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, मेघदूत ॲपवर मराठीत दिसतो. विजेसाठी दामिनी ॲप. नेटवर्क नसेल तर वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीननं भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वावर सोडून पक्क्या घरात, बाभळीखाली नाही.

---

वावर_दारव्हा

नाळकं आणलं, व्यास १२.५ सेंटिमीटर भरला. मग १ मिमीला किती? अन् वावर घरापासून दोन किलोमीटर हाय, रोज सकाळी ८:३० ला जाणं होत नाही. घरी ठेवलं तर चालेल का?

---

मोजपट्टी

६.२५ गुणिले ६.२५ गुणिले ३.१४ म्हणजे १२२.७, भागिले १० म्हणजे १२.३ मिलिलिटरला १ मिमी. बाटलीवर लिहून ठेवा, उद्या विसराल.

झडीच्या दिवसांत घरचा आकडा वावराला चालेल, दोन किलोमीटरनं फार फरक पडत नाही. वळवाला नाही चालणार. दोन मापकं करा, एक घरी रोजचं, एक वावरात. वावरातलं जाल तेव्हा मोजा, फक्त तेल टाकायला विसरू नका आणि तारीख "अमुक ते अमुक" अशी लिहा. दोन लिटरच्या बाटलीत तुमच्या नाळक्याला १६० मिमीच्या आसपास मावतील, मोठी झड लागली तर त्याआधी रिकामी करावी लागेल. पेरणीचा निर्णय वावरातल्या आकड्यावर आणि खड्ड्यावर.